रातपाळी

त्या दिवशीचं काम साधंच होतं. बारामतीला जायचं, रक्ताचे रिपोर्ट घ्यायचे, डॉक्टरांना दाखवायचे आणि दुधाची संध्याकाळची फेरी चुकायच्या आत सांगवीला परतायचं. युवराज डेअरीची पिकअप चालवायचा. त्याची बायको राजलक्ष्मी शेजारी बसली होती. मागं रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते आणि प्रत्येक आवाजासरशी ती डोळे घट्ट मिटत होती.

डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून पाहिले होते. "सगळं नॉर्मल आहे," ते म्हणाले होते. मग चष्मा काढून त्यांनी आणखीही सांगितलं होतं. "याचा अर्थ यांना काही होत नाही असा नाही. मोठ्या तापानंतर काही जणांचा थकवा जातच नाही. झोपही बिघडते. यांना झेपेल तेवढंच करू द्या. एक दिवस जास्त राबल्या, तर पुढचे चार दिवस उठणार नाहीत."

युवराजनं मान डोलावली होती. पण वस्तीवर गाडी उभी करताना, ओट्यावर बसलेल्या आईला त्यानं पहिलं वाक्यच तेवढं सांगितलं.

"समदं नार्मल हाय."

कुशाबाई शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मला कवाच ठावं हुतं," ती म्हणाली. "पाच डाक्टर झालं. आता दुखनं तरी कुठनं पैदा करायचं?"

गाडीतून उतरून ओट्यापर्यंतची दहा पावलं चालणं हेच राजलक्ष्मीचं त्या घडीचं मोठं काम होतं.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तिला ताप आला होता. आठ दिवसांनी तो उतरला, पण जाताना अंगातलं काहीतरी घेऊन गेला. त्याआधी ही बाई चार जर्सी गाईंच्या धारा काढून, शेणघाण आवरून, नऊच्या आत ऊस खुरपायला जात होती. आता केस विंचरायला वर केलेला हात आपोआप खाली यायचा. भाकरी थापताना मध्येच भिंतीला टेकावं लागायचं. अंघोळ करायची ती स्टुलावर बसून. तिशीतली, अंगानं बरी दिसणारी बाई अशी बसून राहिलेली पाहिली की येणारे-जाणारे काय समजायचे ते समजायचे.

आणि इतकी दमलेली बाई रात्री पडल्या पडल्या झोपावी की नाही? नेमकं तेच होत नव्हतं. अंग पिळून टाकलेल्या फडक्यासारखं कॉटवर पडलेलं असायचं आणि डोळे मात्र कोरडे, टक्क उघडे. तिनं सगळं करून पाहिलं. दुपारनंतरचा चहा सोडला. जायफळ उगाळून दुधातून घेतलं. तळव्यांना काशाच्या वाटीनं तूप चोळलं. ऊन पाण्यात पाय बुडवून बसली. शंभरपासून उलटे आकडे मोजले. बाराला कारखान्याचा भोंगा व्हायचा, लाईट आली की कॅनॉलवरच्या मोटारी घुमायला लागायच्या, चारला दुसरा भोंगा व्हायचा. या सगळ्याला ती साक्षी असायची. उशाशी एक वही होती. जाग असेल तेव्हा वेळ लिहून ठेवा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. वहीची पानंच्या पानं भरली होती.

वस्ती गावापासून दोन मैल आत, चारी बाजूंनी उसात बुडालेली. ओळीनं तीन खोल्या, पुढं अंगण, अंगणापलीकडं गोठा. दिवाळीनंतरची थंडी पडली होती आणि कारखान्याकडून मळीचा आंबूस वास वाऱ्यावर येत होता. बारामतीहून आल्याच्या चौथ्या रात्री, बाराचा भोंगा होऊन बराच वेळ झाल्यावर, राजलक्ष्मीला अंगणात खराटा ऐकू आला.

खर्र... खर्र... खर्र...

आधी तिला वाटलं, सासू उठली असावी. पण कुशाबाईचे गुडघे गेलेले. तिनं खराटा हातात धरून वर्षं झाली होती. आणि तिचं घोरणं तर मधल्या खोलीतून येतच होतं. सासूच्या कुशीत नऊ वर्षांची लेक संस्कृती झोपली होती. शेजारच्या कॉटवर युवराज. घरातली माणसं संपली.

खराटा सावकाश चालला होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एक पट्टा सुटू न देता. राजलक्ष्मीनं उठायचं ठरवलं. मनात तीनदा उठली. अंग जागचं हललं नाही. तिनं कसाबसा हात लांबवून वहीत वेळ लिहिली. एक वाजून चाळीस.

सकाळी अंगण आरशासारखं लख्ख होतं. सडा पडला होता. गोठ्यातलं शेण निघून उकिरड्यावर गेलं होतं. कुशाबाई दारात उभी राहून बघत होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिचं तोंड सैल झालं होतं.

"बघ," ती म्हणाली. "मनावर घेतलं की हुतंय का न्हाय?"

"आत्या, मी न्हाय केलं."

"मग काय मी केलं? का गाईंनी केलं?" कुशाबाई हसली. युवराजही हसला आणि चहाचा कप त्यानं स्वतः आणून बायकोच्या हातात दिला.

दुसऱ्या रात्री तेच झालं. खरकटी भांडी घासून पालथी घातलेली सापडली. राजलक्ष्मीनं पुन्हा सांगितलं, मी नव्हते, मी रातभर जागी होते, ही वही बघा. युवराजनं वही पाहिलीच नाही. "जागी हुतीस म्हंजे तूच केलं असणार की," तो म्हणाला.

तिसऱ्या सकाळी चुलीपुढं लाकडाची चळत रचलेली होती. कुशाबाईनं गरम भाकरीवर तुपाची धार धरली आणि ताट सुनेपुढं सरकवलं. "केलंस न्हवं तूच?" तिनं विचारलं. "उगं न्हाय न्हाय कशाला म्हनतीस?"

राजलक्ष्मी ताटाकडं बघत राहिली. दोन वर्षांत तिला कुणी असं बसवून वाढलं नव्हतं. नाही म्हणायचं तर पुन्हा तेच सगळं सांगावं लागणार होतं, आणि त्यासाठी लागणारा श्वासही तिच्याकडं उरला नव्हता.

"व्हय," ती म्हणाली. "मीच केलं."

त्या रात्री खराटा अंगणात थांबला नाही. ओट्यावर चढला. उंबऱ्यापाशी आला आणि बंद दाराच्या पलीकडं, अगदी फटीला लागून, बराच वेळ एकाच जागी फिरत राहिला.

पुढचे पंधरा दिवस घरात सुख होतं. काम रात्रीत उरकलेलं असायचं. "रातचं करतीस ना, मग दिसा पडून ऱ्हा," असं आता सासूच म्हणायची. पहाटेच्या धाराही निघालेल्या असायच्या, आणि गाई पूर्वीपेक्षा जास्त दूध देत होत्या. कुणी टोमणा मारत नव्हतं, कुणी कुठला नवा डॉक्टर सुचवत नव्हतं. राजलक्ष्मी गोधडीत पडून हे सगळं ऐकायची आणि काही बोलायची नाही.

पण तिचं अंग बोलायला लागलं. पहिल्यांदा तळहातांना फोड आले. मग नखांत शेण दिसायला लागलं. रात्रभर ती कॉटवरून हललेली नसायची, वहीत तासातासाची वेळ असायची, आणि उजाडता उजाडता कमरेत अशी कळ भरलेली असायची की जणू रात्रभर वाकूनच काढली. एका सकाळी तिच्या पोटरीवर विळ्याचा ओरखडा निघाला. आदल्या रात्री कुणीतरी मकवान कापून गोठ्यात टाकलं होतं. काम दुसरी करत होती. शीण तेवढा हिच्या अंगावर उतरत होता.

मग ती घाबरली. तिनं युवराजचा हात धरला आणि म्हणाली, "एक रात जागा माझ्यासंगं. येकच. मग मी कायबी म्हननार न्हाय."

युवराज जागला. पिकअपची पहाटेची फेरी त्यानं दुसऱ्यावर सोपवली आणि भिंतीला टेकून मोबाईल बघत बसला. बाराचा भोंगा झाला. मोटारी घुमल्या. त्याला डुलकी लागणार तेवढ्यात बाहेर सुरू झालं.

खर्र... खर्र...

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती कॉटवर पडलेली होती, डोळे उघडे, गोधडी गळ्यापर्यंत. तिनं ओठांवर बोट ठेवलं. युवराज उठला, मोबाईलची बॅटरी न लावता खिडकीशी गेला आणि तिची झडप बोटभर सारली.

किती वेळ तो तिथं उभा होता कुणास ठाऊक. मग त्यानं झडप हळूच लोटली आणि परत येऊन बसला. त्याच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता.

"कोन हाय?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"कोन न्हाय..."

"आवो, सांगा की... कोन हाय?"

"झोप," तो म्हणाला. "झोप म्हनतो ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती झोपली आहे असं समजून मायलेक मधल्या खोलीत बोलत होते. भिंत पातळ होती, आणि राजलक्ष्मीला झोप तर दिवसाही लागत नव्हती.

"आये, तिच्यासारखीच हाय ती. तोंड बी तेच. साडी बी हिचीच."

"मग हीच आसंल."

"ही तर आत पडलीवती माझ्याम्होरं!"

मग कुशाबाईनं विचारलं, "बोलली का तुझ्यासंगं?"

"न्हाय. मान वर करून हसली... आन पुन्हा वाकली झाडाया."

"मग झालं की." कुशाबाईचा आवाज बाजारात भाजी निवडताना असतो तसा होता. "येक पडून खाती, येक उभ्यानं राबती. कंची ठिवायची ती तूच बघ."

"पर समदं हिच्या अंगावर येतंय गं. हात बघ की तिचं. मरंल अशानं."

"डाक्टर काय म्हनला? नार्मल हाय म्हनला न्हवं? न्हाय मरत." मग खालच्या आवाजात, "दोघींची गाठ तेवढी पडू दिऊ नगो. काय सांगावं, हिला बघून ती जायाची."

राजलक्ष्मीला वाटलं, युवराज आता काहीतरी बोलेल. त्यानं तिच्याशी तेरा वर्षं संसार केला होता. ती कान देऊन वाट बघत राहिली. बाहेर गाय हंबरली. बादलीची कडी वाजली. युवराज उठून गाईला पाणी पाजायला गेला होता.

संध्याकाळी त्यानं तिची कॉट मागच्या खोलीत नेऊन टाकली. तिथं खताच्या गोण्या असायच्या. खिडकी नव्हती, फक्त वर एक झरोका, आणि दाराच्या फळीवर आतल्या बाजूनं कुणाच्या तरी नखांचे जुने ओरखडे. "डाक्टरनंच सांगितलंय न्हवं, अंधारात झोपायचं म्हनून," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. तिनं त्याच्या बाहीला धरलं, तर त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली. अगदी हळुवार सोडवली. तेच तिला जास्त लागलं. मग दाराबाहेरून कडी पडली.

आता ताट दोन वेळा आत यायचं आणि कडी पुन्हा लागायची. दिवस आणि रात्र झरोक्यातल्या उजेडावरून कळायची. बाहेर खराटा आधी फक्त रात्री असायचा. मग दिवेलागणीपासून सुरू व्हायला लागला. मग एका दुपारी, भर उन्हात, राजलक्ष्मीनं अंगणातून बांगड्यांचा आवाज ऐकला आणि त्यामागून कुशाबाईचं समाधानानं बोलणं. "बस की गं जरा, दमली आसशील." उत्तरादाखल एक छोटंसं हसू. ते हसू राजलक्ष्मीनं ओळखलं. लग्नाआधी ती तसं हसायची.

मार्गशीर्षात तिचा धाकटा भाऊ सार्थक आला. माहेर इंदापूरकडं, धरणाच्या पाण्याकाठी. भिगवणला त्याचा मासळीचा धंदा होता. बहीण महिनाभर फोनवर येत नाही म्हणून तो मोटारसायकल काढून निघाला होता. येताना बर्फात चिलापी घेऊन आला होता. गाडी अंगणात थांबली तेव्हा राजलक्ष्मीनं ती आवाजावरूनच ओळखली आणि भिंत धरून उठली. दारापर्यंत जायला तिला किती वेळ लागला, ते तिलाच माहीत.

"आक्का!" तो बाहेर ओरडला. "आगं, तू तर येकदम ठनठनीत झालीस की!"

राजलक्ष्मीनं दारावर हात मारला. मोठा आवाज होईल एवढा जोर त्या हातात नव्हता. "सार्थक," तिनं हाक मारली. "आरं सार्थक... मी हितं हाय..."

"आतनं कोन बोलतंय का?" बाहेरून सार्थकचा आवाज आला.

त्याच क्षणी अंगणात कुट्टीचं यंत्र सुरू झालं. पातं घरघरायला लागलं, कडब्याचा करकर आवाज घरभर भरला. कुशाबाई मोठमोठ्यानं सांगत होती, "म्हातारीला चारा कापाय उशीर झाला बग, तू बस, च्या घे." यंत्र तासभर चाललं. राजलक्ष्मी दाराशी खाली बसून ताटानं फळी वाजवत राहिली, मग ताटही हातातून गळलं. यंत्र थांबलं तेव्हा मोटारसायकल लांब रस्त्याला लागली होती. झरोक्यातून मासे तळल्याचा वास आत येत होता.

त्या दिवसानंतर तिनं हाका मारणं सोडलं. अंगावर रोज चार गाईंचं, अंगणाचं, शेताचं, घराचं काम उतरत होतं. कूस बदलायची तरी आधी मनाशी ठरवावं लागत होतं. आणि झोप नव्हती. इतक्या सगळ्या शिणावरही पापणीला पापणी लागत नव्हती. हेच तिला सगळ्यात अन्यायाचं वाटायचं. माझ्या अंगानं दुसरी राबते आहे तर निदान झोप तरी माझी मला मिळावी. ती अंधारात ओठ हलवून हे म्हणायची. कुणाला म्हणायची, ते तिलाही माहीत नव्हतं.

आणि एका रात्री दाराच्या फटीशी कुणीतरी येऊन बसलं.

"मम्मे..." संस्कृतीचा आवाज. दबलेला, घाबरलेला. "मम्मे, तू आत हायस का?"

राजलक्ष्मीनं मान वळवली.

"आज्जी म्हनती, आत उंदरं हायत. पन मला रडल्यागत ऐकू येतंय." पोर दाराला अगदी चिकटली असावी. तिचा श्वास फटीतून ऐकू येत होता. "मम्मे, भाईरची मम्मी मला वेणी घालती, डबा देती. लय काम करती. पन ती झोपतच न्हाय. रातच्याला माझ्या उशाशी बसती, आन नुसती बघती... मला भ्या वाटतंय. कडी माझ्या हाताला येतीया. उघडू का?"

एक शब्द बोलायचा होता. उघड. एवढाच.

आणि नेमकं तेव्हा, तळपायांच्या बाजूनं, झोप यायला लागली.

ती कशी असते हे राजलक्ष्मी विसरून गेली होती. सुकलेल्या सरीत पाणी शिरावं तशी ती उबदार, सावकाश, पिंडऱ्यांतून मांड्यांत, मांड्यांतून कमरेत चढत होती. जिथून जाईल तिथलं दुखणं विझत होतं. बोटं सैल झाली. जबडा सैल झाला. दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी तिनं काय काय केलं होतं, ती गोष्ट आपल्या पायांनी चालत आली होती आणि आता छातीपर्यंत पोचली होती. तिला पक्कं कळत होतं. तोंडातून एक शब्द जरी निघाला, तरी हे मोडणार. मोडलं की पुन्हा येणार नाही.

"मम्मे? बोल की... उघडू?"

राजलक्ष्मीनं ओठ मिटून घेतले.

बाहेर पोर वाट बघत राहिली. मग आणखी एक पाऊल वाजलं. मग एक आवाज आला, जो राजलक्ष्मीचा स्वतःचा होता, फक्त त्यात थकवा अजिबात नव्हता.

"चल बाळा. आत कुनी न्हाय."

"कुनीच न्हाय?"

"कुनीच न्हाय."

पावलांच्या दोन जोड्या अंगणातून दूर गेल्या. एक चालत होती, एक ओढली जात होती. पोरीनं एकदाच हुंदका दिला. राजलक्ष्मीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानाशी ओघळलं. ते पुसायला हात उचलावा, एवढीही इच्छा तिला उरली नव्हती. पापण्या जड झाल्या. मिटल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा आपोआप मिटल्या.

ती झोपेच्या अगदी काठावर होती, तेव्हा कॉट करकरली. भिंतीकडच्या बाजूला कुणाचं तरी वजन बसलं. थंड, हाडकुळ्या, नखं झिजलेल्या हातानं तिच्या अंगावरची गोधडी थोडी आपल्याकडं ओढून घेतली. तो हात कुशाबाईचा नव्हता. बाहेर गेलेलीचाही नव्हता. आणि कानाशी, पार खोल गेलेल्या, दमलेल्या बाईच्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"सरक की जरा... मला बी लय वरसांची झोप ऱ्हायलीया."